अंगारकीला चंद्र लवकर उगवला

आमच्या घरात एक नियम आहे. तो मी केलेला आहे, म्हणून अजून टिकून आहे. संकष्टीच्या दिवशी मी कुणाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. रात्री चंद्र बघायचा, त्याला अर्घ्य द्यायचं, मोदक तोंडात टाकायचा आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. उपाशीपोटी दिलेला शब्द आंबट निघतो. आणि चंद्र बघून दिलेला शब्द मी फिरवत नाही.

हर्सूलची राहती जागा अशीच घेतली. माझ्या मुलाचं, श्रीरंगचं, लग्नही असंच ठरलं. मुलीकडचे लोक दुपारपासून बैठकीत बसून होते. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. मुलीचे काका घड्याळाकडं बघून बघून मान अवघडून बसले. रात्री मी मोदक खाल्ला आणि म्हटलं, पोरगी पसंत आहे. काकांनी तिथंच डोळे पुसले. लोकांना वाटलं आनंदानं. अख्ख्या हर्सूलला माझा हा नियम माहीत आहे. तिथल्या जेलातल्या कैद्यांनाही माहीत असेल.

श्रीरंगची एकुलती एक मुलगी स्वरदा. ती इंजिनिअर झाली. होऊ दे, मी आडवी आले नाही. वाळूजला कंपनीत लागली. सकाळी बसनं जायची, संध्याकाळी यायची, माझ्या हातची भाकरी खायची. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात तिला बंगळूरहून बोलावणं आलं. तिथं म्हणे आभाळात पाठवायच्या यानांचे भाग बनवतात, आणि त्यांना आमचीच पोरगी पाहिजे होती. जगात दुसऱ्या पोरी संपल्या होत्या.

श्रीरंग बँकेत मॅनेजर आहे. तिथं सगळे त्याचं ऐकतात. घरी तो म्हणाला, "आई म्हणेल ते." याला वळण म्हणतात. सूनबाई अमृता दोन दिवस भांडी जरा जोरात ठेवत होती.

बंगळूरवाल्यांना मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत मोबाइलवर उत्तर पाहिजे होतं. मी कॅलेंडर काढलं. मंगळवार, संकष्टी, म्हणजे अंगारकी! चंद्रोदय रात्री नऊच्या पुढं. मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "मंगळवारी चंद्र बघून सांगते."

म्हणजे मला नाही म्हणायची गरजच नव्हती. चंद्रच म्हणणार होता.

स्वरदा काय ते समजली. रडली नाही, भांडली नाही. मंगळवारी दुपारी माझ्यासमोर येऊन बसली नि म्हणाली, "आज्जी, तू हो म्हणू नको. पण मला कशाला बोलावलंय ते एकदा बघ तरी. माझी मैत्रीण आमरीन अंतराळ संग्रहालयात कामाला आहे. ती सगळं दाखवेल. तिथून मग तुला संस्थान गणपतीला सोडते."

बघायला माझी ना नव्हती. बघण्यानं काही बिघडत नाही, बोलण्यानं बिघडतं. मी पिशवी भरली. तळणीच्या मोदकांचा डबा, फिरकीच्या झाकणाचा पाण्याचा गडू, दुर्वा, लाल फूल. चंद्रोदयापर्यंत देवळातच थांबायचं होतं. आणि डबा घरी ठेवायची सोय नाही. मागच्या संकष्टीला श्रीरंगनं नैवेद्याच्या आधीच चार मोदक लाटले होते, बँकेचा मॅनेजर असून.

श्रीरंग गाडी काढत होता तोच शेजारच्या दारातून पद्मजा नटून बाहेर आली. पद्मजा माझी धाकटी जाऊ. ती बारावी झालेली आहे आणि हे ती कुणाला विसरू देत नाही. मी चौथी. पण चौथीपर्यंत जे शिकले ते पक्कं.

"अक्का, मी पण येते," ती म्हणाली. "मला विज्ञानाची पहिल्यापासून आवड आहे."

तिला कसली आवड आहे ते मला माहीत आहे. मी हो म्हणते का नाही, ते सगळ्यांत आधी तिला कळलं पाहिजे होतं. तिची लेक चितेगावला दिलेली आहे. हर्सूलला काही घडलं की पद्मजेमुळं ते अर्ध्या तासात चितेगावला कळतं. मधल्या शहरालाही कळतं, ते वाटेतच येतं.

संग्रहालयाच्या दारात कचरू नावाचा पहारेकरी होता. म्हणाला, "मावशी, पिशवी इथं ठेवा."

"यात अंगारकीचा नैवेद्य आहे. तू सांभाळशील सोवळ्यानं?"

त्यानं स्वतःच्या हातातल्या तंबाखूकडं बघितलं आणि म्हणाला, "घेऊन जा मावशी."

आमरीन समोर आली. गोड पोरगी. डोक्यावरनं ओढणी, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं असं की शेवया वळल्यासारखं. "आज्जी, स्वरदा सांगते ना, तुमच्याशिवाय तिच्या घरात पंखा बी फिरत नाय."

"पंखा फिरतो," मी म्हटलं. "वीज असली की."

आधी तिनं रॉकेट दाखवलं. बाहेर हिरवळीवर उभं होतं, देवळाच्या दीपमाळेएवढं उंच. आत अंतराळात जाणाऱ्या माणसाचा पोशाख होता. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, बाहेरचं काही आत शिवायला नको. आमच्या आत्यासासूबाईंचं सोवळं एवढं कडक होतं, पण त्यांनाही हातमोजे सुचले नव्हते. मग आमरीन म्हणाली, तिकडं वर राहणारे लोक स्वतःचंच पाणी गाळून परत पितात. मी विचारलं, स्वतःचं कुठलं पाणी? तिनं सांगितलं. मी पदर नाकाला लावला आणि पुढं चालायला लागले.

पुढं एक वजनकाटा होता. त्यावर उभं राहिलं की आपण चंद्रावर किती भरू ते दिसतं. पद्मजा चढली. बारा किलो भरली. परत उतरायचं नाव घेईना.

"अक्का, बघा ना! बारा!"

"अगं, काट्यावर बारा. खुर्चीला विचार."

मग तिथं लिहिलेलं होतं ते स्वरदानं वाचून दाखवलं, की चंद्रावर पाणी सापडलंय, बर्फाचं. मी म्हटलं, "सापडलं ना? मग पाइपलाइन टाकायला सांगा. आमच्या गल्लीत नळाला पाणी यायची वाट बघून बघून पोरींची लग्नं होऊन गेली." आजूबाजूचे चारजण हसले. त्यांच्याही गल्लीत तेच असणार.

इथवर मी मजेत होते. मग आम्ही त्या यानापाशी आलो. आपल्या देशाचं यान, जे चंद्रावर उतरलं, त्याची बरोबर तेवढीच प्रतिकृती. सगळं अंग सोनेरी कागदात गुंडाळलेलं, जसं कुणी आईनं थंडी वाजू नये म्हणून बांधून पाठवलंय. चार पाय. पोटात एक छोटी गाडी, लेकरासारखी, उतरून फिरायला. उतरलं तेव्हा टीव्हीवर मी बघितलं होतं, पेढेही वाटले होते, पण टीव्हीवर सगळंच बारीक दिसतं. इथं ते माझ्यासमोर उभं होतं. माझ्या खांद्याच्या वर.

"मग पुढं काय झालं याचं?" मी विचारलं.

"एक पंधरवडा लई काम केलं आज्जी," आमरीन म्हणाली. "दगड बघितले, माती तपासली, सगळं इकडं कळवलं. मग तिथं रात्र झाली. तिथली रात्र लांब, अन् थंडी अशी की विचारू नका. म्हणून दोघांना झोपवलं. सकाळी उठवायला लई हाका मारल्या. नाय उठले."

"मग आणायला कोण गेलं?"

"कुणी नाय. ते आता तिथंच राहणार."

मी स्वरदाकडं बघितलं. "हे असलं काम? लेकराला सोन्यात गुंडाळून धाडायचं, राबवून घ्यायचं, आणि परत आणायचं नाही? आपल्याकडं पोरगी सासरी दिली तरी पहिल्या सणाला आणायला मूळ धाडतात."

स्वरदा काहीतरी सांगणार होती, पण भोंगा वाजला आणि आमरीननं आम्हाला पुढं ढकललं. "आकाशदर्शनाचा शो सुरू होतोय, चला चला."

मोठा घुमट होता. खुर्च्या अशा, की बसलं की माणूस आडवंच पडतं. एका शाळेची पोरं येऊन बसली होती, चिमण्यांसारखी कलकलत. मी बसले, एका बाजूला पद्मजा, दुसऱ्या बाजूला स्वरदा, आणि माझ्या बरोबर पुढं श्रीरंग. पिशवी मांडीवर. आमरीन मागं तिच्या यंत्रापाशी गेली. दिवे गेले.

काय सांगू! मी गच्चीवर खूप झोपलेय, पण असं आभाळ लहानपणी दौलताबादला मामाकडं बघितलं होतं, त्यानंतर नाही. आमरीन अंधारातून तारे सांगत होती, पण माझं चित्त नव्हतं. मी त्या यानाचाच विचार करत होते. एवढ्या अंधारात, कुठं असेल ते? पाय गार पडले असतील. आजूबाजूला कुणी बोलायला नाही, दगड नुसते.

आणि तेवढ्यात चंद्र उगवला.

घुमटाच्या कडेला आधी उजेड आला, मग लालसर कड, मग हळूहळू अख्खा वर आला. चतुर्थीचा, एका बाजूनं जरा झिजलेला, मला पाठ असलेला. आयुष्यभर या चंद्राची मी उपाशी राहून वाट बघत आलेय. आज पहिल्यांदा वाटलं, तिथं आपलं कुणीतरी बसलंय. माझे हात जोडले गेले. जोडले गेले म्हणजे मी जोडले नाहीत. मग जे दर महिन्याला करतात ते हातांनीच केलं. गडू काढला, झाकण फिरवलं, पाणी सोडलं, डबा उघडला, मोदक तोंडात टाकला.

"गळतंय!" श्रीरंग ओरडला. "वरून पाणी गळतंय! माझ्या मानेवर पडलं!"

पोरांनी एकच गलका केला. कुणी म्हणालं पाऊस, कुणी म्हणालं घुमट फुटला. आमरीननं पटकन दिवे लावले. सगळा घुमट पांढरा झाला आणि सगळ्यांना काय दिसलं, तर श्रीरंगची कॉलर भिजलेली, माझ्या हातात रिकामा गडू आणि माझे दोन्ही गाल फुगलेले.

"अक्का!" पद्मजेनं छातीवर हात ठेवला. "तोंडात काय आहे?"

तोंडात मोदक असताना उत्तर देता येत नाही. मी चावला. नीट चावला. गिळला.

"अंगारकीचा उपास मोडला!" पद्मजेचा आवाज असा, की कुणाला वाटावं हिला पुत्ररत्न झालं. तिचा हात पर्समधल्या मोबाइलकडं गेलेला मी बघितला.

"मोडला नाही, सुटला," मी म्हटलं. "चंद्र उगवला, मी बघितला, अर्घ्य दिलं, मोदक खाल्ला. यातलं काय राहिलं?"

"तो भिंतीवरचा चंद्र होता, अक्का!"

"अस्सं? आणि श्रावणात ढग असले की तू ताटात तांदळाचा चंद्र काढून उपास सोडतेस. तो काय आभाळातून उतरवून आणतेस? रेशनचा तांदूळ असतो, मी बघितलाय."

"पण मी वेळ झाल्यावर सोडते! आत्ता पाच वाजून गेलेत फक्त."

हा मुद्दा जरा बरा होता. बारावी झालेली आहे शेवटी. मी मागं वळून विचारलं, "आमरीन, तुझा हा चंद्र कुठल्या वेळेचा होता?"

"आज रातचा, आज्जी. आज आपल्या गावात जसा उगवणार ना, वेळ लावून हुबेहूब तसाच दाखवला."

"ऐकलंस? घुमटात वेळ झाली होती."

"असं कुठं असतं का!" पद्मजा म्हणाली. "आणि ही पोरगी काय सांगणार आपल्या संकष्टीचं?"

आमरीन यंत्र सोडून खाली आली. "काकू, चांदचं आम्हाला नका शिकवू. ईदच्या आधी आमच्या घरात दरसाल हाच झगडा असतो. दिसला, नाय दिसला. मग अब्बा म्हणतात, गवाह आणा." ती पोरांकडं वळली. "काय रे, चांद बघितला का नाय?"

"बघितलाऽऽ!" अख्ख्या शाळेनं हात वर केले. त्यांच्या बाईंनीसुद्धा केला. एवढे साक्षीदार तर कुठल्या कोर्टात मिळत नाहीत.

पद्मजेनं पर्स बंद केली. त्या चेनचा आवाज मला अजून गोड वाटतो. मी पदर सारखा केला आणि आता कुणाकडून माफी मागवून घ्यावी का या विचारात होते, तेवढ्यात शेजारून हळूच आवाज आला.

"आज्जी, म्हणजे उपास सुटला?"

"सुटला."

"नक्की?"

"आता काय दवंडी पिटू?"

"मग सांग," स्वरदा म्हणाली. "जाऊ का नको?"

श्रीरंग मान पुसता पुसता थांबला. पद्मजेच्या पर्सची चेन परत उघडली.

आता एक लक्षात घ्या. लोक म्हणतात, म्हातारी तिच्याच नियमात सापडली. सापडले बिपडले काही नाही. चंद्र बघून नाही म्हणायलाही मी मोकळीच होते. नाही हा शब्द जिभेवर तयारही होता, मोदकाच्या चवीसकट. पण पोरीकडं बघितलं तर तिनं दोन्ही हातांनी मोबाइल असा धरला होता, जसं पाखराचं पिल्लू धरतात. तिला घाई नव्हती. भीती होती.

मी विचारलं, "तिथं तू करणार काय, ते सांग आधी."

"पुढचं यान चंद्रावर जाऊन परत येणारं करायचंय, आज्जी. तिथली माती घेऊन यायचं. ते परत यायचं जे काम आहे ना, त्या गटात मला घेतलंय."

"परत आणायच्या कामावर?"

"हो."

"मग हे घरी का नाही सांगितलंस?"

"सांगायला लागले होते. तू मिक्सर लावलास."

चटणी करायची असते तेव्हा मिक्सर लावावाच लागतो. पण ते असो. मला ते सोनेरी कागदातलं धूड आठवलं. त्याला हाका मारणारे तिकडं बंगळूरलाच बसले असतील, आमच्या स्वरदासारखेच कुणी. ऊठ रे, ऊठ रे म्हणत. ज्यांना पाठवता येतं ते पुष्कळ असतात. परत आणणारं माणूस पाहिजे, आणि ते आमच्या घरातलं असेल तर मी अडवणार कोण? म्हणजे अडवणारी मीच. पण नाही अडवलं.

"जा," मी म्हटलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, पोरं टाळ्या वाजवतात. श्रीरंगनं खिशातून रुमाल काढला, मान पुसायला म्हणाला. स्वरदानं मोबाइलवर बोट ठेवलं. परत ठेवलं. मग तिचा चेहरा उतरला.

"रेंज नाही."

"घुमटात नाय येत रेंज," आमरीन म्हणाली. "बाहेर जावं लागेल. अन् सहाला थोडाच वेळ आहे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. तोवर गोष्ट पोरीच्या नोकरीची होती. आता माझ्या शब्दाची झाली. अंगारकीला, चंद्राच्या साक्षीनं, एवढ्या लोकांत दिलेला शब्द, आणि तो एका भिंतीला अडून राहणार? मी पिशवी पद्मजेच्या गळ्यात अडकवली, स्वरदाचा हात धरला आणि निघाले. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ते केव्हा दुखायचं ते मी ठरवते.

"आई, हळू!" श्रीरंग मागून.

"तू पुढं हो! मॅनेजर झालास तरी मागंच!"

वजनकाट्याजवळून, पोशाखाजवळून सगळी फौज धावली. दारात कचरू आडवा आला. "मावशी, जायचा रस्ता तिकडून आहे."

"बाजूला हो, नाहीतर तुलाच वर धाडीन!"

बाहेर हिरवळीवर आलो. मोबाइलमध्ये रेंजची एक काडी यायची नि जायची. स्वरदा हात वर करून इकडं तिकडं फिरत होती, पायाखाली बघत नव्हती. मी श्रीरंगला म्हटलं, "चढ त्या ओट्यावर." तो रॉकेटच्या ओट्यावर चढला. बँकेतल्या लोकांनी बघितलं असतं तर ठेवी काढून घेतल्या असत्या. त्यानं मोबाइल रॉकेटच्या अंगाला लावून जेवढा हात पोचेल तेवढा वर धरला.

"आली! तीन काड्या आल्या! काय दाबू?"

"बाबा, तुम्ही काही दाबू नका!" स्वरदा किंचाळली आणि तीही वर चढली.

"थांब," मी खालून म्हटलं. "आधी लिही. माझी एक अट आहे. पोरीला दर सणाला सुट्टी द्यायची, आणि मी बोलावलं की कारण न विचारता पाठवायची. लिही."

"आज्जी, इथं लिहायला जागा नसते. दोनच बटणं आहेत. हो नाहीतर नाही."

"आणि अट कुठं घालायची?"

"अट नसते, आज्जी."

"चंद्रावर यान उतरवणारी माणसं, आणि आजीला अट घालायला एक बटण ठेवलं नाही?"

"अक्का, सहा वाजत आले," पद्मजा धापा टाकत म्हणाली. माझी पिशवी तिनं छातीशी धरली होती आणि तिचेही डोळे त्या मोबाइलवर लागले होते. हे मी कुणाला सांगणार नाही, पण त्या क्षणी ती मला बारा किलोचीच वाटली.

"दाब," मी म्हटलं.

स्वरदानं दाबलं. टुंग झालं.

"गेलं?"

"गेलं."

"पोचलं का तिकडं?"

"पोचलं, आज्जी," ती वरून म्हणाली. आवाज रडवेला, तोंड हसरं.

"मग आता त्यांना फोन लाव," मी म्हटलं, "आणि तिथलं जे कोण मोठं माणूस असेल त्याला म्हणावं, जरा बसून घ्या, आमच्या आज्जीला बोलायचंय."